टेस्टोस्टेरॉन, आवाज आणि मराठीचे क्रियापद

मराठी बोलणाऱ्याला आपले लिंग फार काळ झाकून ठेवता येत नाही. ‘मी जातो’ किंवा ‘मी जाते’, ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’, यांपैकी एक निवडावेच लागते. तरीही आपल्या व्याकरणात आडोशाच्या काही जागा आहेत. ‘मी पुस्तक वाचले’ या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘मी उद्या येईन’, ‘मला जायचे आहे’ ही वाक्येही बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाहीत. जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेला, परंतु आपण पुरुष आहोत हे मनोमन जाणणारा माझ्यासारखा माणूस अशा वाक्यांच्या आधाराने कित्येक वर्षे बोलत राहतो. शाळेत मुले प्रयोग शिकतात ती गुणांसाठी. मला ते रोजच्या बोलण्यासाठी लागले.

बेळगावात वाढल्यामुळे मला आणखी दोन आधार मिळाले. एक कन्नडचा. ‘नानु बंदे’ हे तेथे पुरुषही म्हणतो आणि स्त्रीही. प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद ठाऊक नाही. दुसरा आधार आपल्या सीमाभागातील बोलीचा. आमच्याकडे, आणि कोल्हापूरकडेही, मुली सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. माझी आज्जी बाजाराला निघताना ‘येतो हं’ असेच म्हणत असे. शाळेतील एका बाईंनी मात्र ‘येतो नव्हे, येते म्हण’ असे मला वर्गासमोर वारंवार बजावले. ज्या बोलीला शिष्टजन अशुद्ध ठरवतात, तिनेच मला लहानपणी माझे क्रियापद दिले. हे ऋण मी विसरलेलो नाही.

वयाच्या २९व्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ आणि अंतःस्रावतज्ज्ञ यांच्या सल्ल्याने मी टेस्टोस्टेरॉनचा उपचार सुरू केला. आज त्याला चार वर्षे झाली. या काळात अनेक तरुणांनी मला दबक्या आवाजात तेच प्रश्न विचारले आहेत : काय बदलते, केव्हा बदलते, काय परत येत नाही? इंग्रजी वाचणाऱ्याला उत्तरे सहज सापडतात. मराठीतच विचार करणाऱ्याला ती तितक्या सहज सापडत नाहीत, म्हणून हा लेख.

प्रथम एक गैरसमज दूर करू. हा उपचार कालपरवाचे फॅड नाही. टेस्टोस्टेरॉन १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. १९३९च्या सुमारास मायकेल डिलन या ब्रिटिश गृहस्थाने ते घेण्यास आरंभ केला. पुढे तो डॉक्टर झाला, नंतर भारतात येऊन बौद्ध भिक्षू झाला आणि १९६२ साली डलहौसी येथे वारला.

औषध इंजेक्शनाने किंवा त्वचेवर लावायच्या जेलने दिले जाते. त्यानंतरचा काळ म्हणजे दुसरे तारुण्य, आणि पहिल्या तारुण्याप्रमाणेच तेही रेंगाळत येते. पहिल्या सहा महिन्यांत त्वचा तेलकट होते, मुरुमे येतात, कामेच्छा वाढू शकते, शिश्निका मोठी होते, योनिमार्ग कोरडा पडू लागतो. मासिक पाळीही बहुतेकांची याच काळात थांबते. स्नायू भरणे आणि चरबीची जागा बदलणे याला दोन ते पाच वर्षे लागतात. दाढीची सर्वांना घाई असते. पण मिसरूड फुटण्यास अनेकदा सहा महिने ते वर्ष जाते आणि दाढी पूर्ण भरण्यास चार-पाच वर्षेही लागतात. ती किती दाट होईल हे बरेचसे घराण्यावर अवलंबून असते. बाप-काका यांच्या गालांकडे पाहावे, आणि त्यांच्या टकलाकडेही पाहून ठेवावे.

सर्वांत जास्त सांगण्यासारखे आहे ते आवाजाविषयी. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात आणि संथ कंप पावू लागतात. प्रौढ स्त्रीच्या आवाजात सेकंदाला साधारण २०० कंपने असतात, पुरुषाच्या आवाजात साधारण १२०. हे अंतर एका रात्रीत तुटत नाही. माझा आवाज तिसऱ्या महिन्यात घोगरा झाला, चौथ्यात फुटला. त्या वर्षी गणपतीच्या आरतीत वरचा स्वर लावताना तो मध्येच तुटला आणि शेजारची पोरे हसली. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला असे हसतात ना, अगदी तसेच. मला त्याचे वाईट वाटले नाही. सुमारे दीड वर्षाने आवाज स्थिरावला. याच दरम्यान निपाणीच्या आत्याला फोन केला, तर तिने परक्याला विचारावे तसे ‘कोण बोलतंय हो?’ असे विचारले. ‘आत्या, मीच बोलतोय,’ म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘सर्दी झालीय काय रे?’ तो ‘रे’ तिच्या तोंडून आपसूक आला होता.

मात्र औषधाने स्वराची पट्टी उतरते. बोलण्याची लय, आघात, शब्द ताणण्याची सवय तशीच राहते. काहींचा आवाज अपेक्षेइतका उतरत नाही. त्यांना वाचा व स्वर उपचारतज्ज्ञाकडील सरावाचा उपयोग होतो. गाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे, कारण गेलेला वरचा स्वर बहुधा परत येत नाही.

औषध काय करीत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रौढ वयात उंची वाढत नाही आणि हाडांचा सांगाडा बदलत नाही. स्तन जात नाहीत. त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते. पाळी थांबली तरी गर्भधारणा होऊ शकते, म्हणून याला गर्भनिरोधक समजू नये, आणि गर्भावस्थेत हे औषध घेऊ नये. औषध बंद केल्यास पाळी आणि चरबीची ठेवण बहुधा पूर्ववत होतात. उतरलेला आवाज, वाढलेली शिश्निका आणि गेलेले केस परत येत नाहीत. पुढे आपले मूल हवे असेल, तर अंडबीजे जतन करण्याविषयी आरंभीच डॉक्टरांशी बोलावे.

व्यायामशाळेत कोणी देतो म्हणून इंजेक्शन टोचून घेऊ नये. जास्त मात्रेने दाढी लवकर येत नाही. उलट जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि रक्त प्रमाणाबाहेर घट्ट होण्याचा धोका वाढतो. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा रक्ततपासणी, तसेच रक्तदाब व चरबीचे प्रमाण पाहणे आवश्यक असते.

उपचारापूर्वी माझ्यापुढे ठेवलेले संमतिपत्र इंग्रजीत होते. मी ते वाचू शकलो. शेजारी बसलेली आई वाचू शकली नाही. ‘यात काय लिहिलंय, बाळा?’ असे तिने विचारले आणि मी तिला एकेक वाक्य मराठीत सांगितले. शिश्निका, योनिमार्ग हे शब्द आईसमोर उच्चारणे अवघड गेले. पण ते उच्चारल्यावर तिने जे प्रश्न विचारले, ते माझ्या मनातही आलेले नव्हते. मूल होण्याविषयी डॉक्टरांना विचार, हे तिनेच सुचवले.

सातबारापासून बसवरील पाटीपर्यंत सर्व काही मराठीत मिळावे, म्हणून सीमाभागातील आपण पिढ्यान्‌पिढ्या झगडत आहोत. त्या मागणीत माझी एक भर आहे. दवाखान्यातील संमतिपत्रे आणि माहितीपत्रके रुग्णाच्या आईला वाचता येतील अशा मराठीत असावीत. शब्द आपल्याकडे आहेत. आवाज फुटणे, मिसरूड फुटणे हे तर घरोघरी बोलले जातात. वाचकांत कोणी डॉक्टर असतील, तर दोन पानांचे असे पत्रक तयार करण्यास त्यांनी पुढे यावे. भाषेची बाजू मी सांभाळेन. आणि ज्यांच्या घरी असा मुलगा आहे, त्यांनी दाढी येण्याची वाट पाहू नये. ‘आलास का?’ असे विचारायला औषधाची चिठ्ठी लागत नाही.