दार उघडलं का?

मुलांनो, तुमच्या घरात सगळ्यांत आधी कोण उठतं? माझ्या माहितीत माझ्या आईच्या आधी उठणारं कुणी नाही. ती सांगलीला एकटी राहते, मी साताऱ्यात. मध्ये सुमारे सव्वाशे किलोमीटर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा घराला कुलूप लावून ती आमच्याकडे आली होती. बंद घराच्या काळजीनं तिला झोप लागेना. म्हणून पुढे तिच्याकडे चोरघंटीचं पॅनेल बसवलं. भिंतीवर पाटीएवढी पेटी, दाराला लोहचुंबक. दार उघडलं की चुंबक बाजूला सरकतो, पेटीला ते कळतं आणि इंटरनेटवरून माझ्या फोनवर निरोप येतो.

बसवलं चोरासाठी, पण मला उपयोग झाला भलताच! आई पहाटे साडेपाचला सडा घालायला दार उघडते. तो निरोप आला की मी निर्धास्त चहा टाकतो.

एके दिवशी साडेसहा वाजले तरी निरोप नाही. फोनही उचलेना. माझे हातपाय गार पडले. शेजारच्या काकूंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "अरे, ती बघ की तुळशीला पाणी घालतेय!"

जीव भांड्यात पडला आणि मग राग आला. "आई, प्लग काढलास ना?"

"मी कशाला त्या डबड्याला हात लावू?"

काकूंची सातवीतली नात मदतीला आली. मी फोनवरून सांगायचं, तिनं बघायचं. पेटीचा दिवा चालू. राउटरकडून येणारी वायर टक् आवाज येईपर्यंत दाबली. बंद करून पुन्हा चालू केलं. छे! आणि गंमत म्हणजे आईच्या फोनवर इंटरनेट व्यवस्थित.

"काका, हा राउटर पांढरा होता ना? आता काळा आहे."

आदल्या संध्याकाळी इंटरनेटवाला तो बदलून गेला होता!

आता कोडं सुटलं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटरकडे एक पत्ता लागतो. १९२.१६८ नं सुरू होणारे पत्ते १९९४ सालापासून अशा खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. फोन नवा पत्ता आपणहून मागून घेतो. पेटीला मात्र कारागिरानं हातानं पत्ता घालून दिला होता: गल्ली १, घर ५०. नव्या राउटरची गल्ली होती ०. बिचारी पेटी जुन्या गल्लीतच हाका मारत बसली! चोर आला असता तर भोंगा वाजला असता, पण मला पत्ता लागला नसता. मी कागदावरचा गुप्त आकडा सांगितला, नातीनं 'पत्ता आपोआप घ्या' निवडलं आणि दार उघडलं. माझा फोन वाजला.

मी आईची माफी मागितली. ती म्हणाली, "म्हणजे मी कधी उठते ते तुला रोज कळतं? मला कधी बोलला नाहीस ते?"

मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाच पंचविसालाच तिचा फोन. "उठलेय रे. दार मागाहून उघडते."