आइसलँडला साधी व्हॅन पुरते का?

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन आइसलँड फिरून आलो. बुकिंग करताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एकाच प्रश्नाने. फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायची की टू-व्हील? भाड्यात बराच फरक होता. फोर-व्हील डिझेलही जास्त खाते आणि तिथे डिझेल महाग.

मग नकाशा उघडला. देशाला वळसा घालणारा रिंग रोड सुमारे १,३०० किलोमीटरचा आहे. २०१९ पासून तो सगळा पक्का आहे. मधल्या डोंगराळ भागातल्या रस्त्यांच्या क्रमांकाआधी मात्र ‘एफ’ असतं. तिथे फोर-व्हील ड्राइव्हच लागते, तसा नियमच आहे. हे रस्ते उघडतात तेही साधारण जूनअखेर ते सप्टेंबर. आम्हाला त्यातलं एकच ठिकाण बघायचं होतं, लांडमानालॉयगर.

करार वाचला आणि निर्णय सोपा झाला. फोर-व्हील घेतली तरी नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं, तर विमा मिळणार नव्हता. एका ठिकाणासाठी एवढे पैसे कशाला? साधी व्हॅन घेतली आणि लांडमानालॉयगरला रेक्याविकहून मोठ्या चाकांच्या बसने गेलो. तिथे पोचता पोचता पाणी आडवं येतं. ड्रायव्हरने बस सावकाश त्यातून काढली. आपण स्टिअरिंगवर नाही याचं मला फार बरं वाटलं.

त्रास झाला तो भलतीकडेच. पूर्व किनाऱ्यावर मुक्काम होता, रात्रभर पाऊस लागला. सकाळी व्हॅन गवतावरून हलेना. पलंग, पाण्याची टाकी, सामान असं सगळं वजन मागे, आणि ताकद पुढच्या चाकांना. नवरा जितकी रेस करी तितकी चाकं आणखी रुतत. मी रडकुंडीला आले होते. शेजारच्या गाडीतले एक आजोबा धावत आले आणि आधी इंजिन बंद करायला लावलं. चाकांपुढचा चिखल हातानेच उकरला, आमच्याच पायाखालच्या रबरी मॅट चाकांखाली सारल्या. मला मागून बाजूला व्हायला सांगितलं, कारण मॅट उडतात. मग दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी हळू. निघाली बाहेर!

त्यानंतर गवतावर गाडी लावलीच नाही. निदान पुढची चाकं तरी खडीवर ठेवायची, हे ठरलं.

वाऱ्यापुढे मात्र फोर-व्हीलचाही उपयोग नाही. तिथला वारा दार अक्षरशः उलटं पिरगळतो, आणि तेही नुकसान आमच्या विम्यात नव्हतं. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा.

हे सगळं उन्हाळ्यापुरतं. हिवाळ्याचं गणित वेगळं. उन्हाळ्यात जाणार असाल, तर आधी मुक्काम नकाशावर मांडा. एफ रस्ते दोन-चार येत असतील, तर सरळ उंच फोर-व्हील घ्या. एखादाच असेल, तर साधी व्हॅन घ्या आणि तिथलं बसचं तिकीट आधीच काढून ठेवा.