बाबांच्या पद्मिनीचा रंग

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी पद्मिनी पाहिली आहे? इतिहासाच्या पुस्तकातली राणी नव्हे हं, रस्त्यावरची गाडी! माझ्या तिसरीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा चव्वेचाळीस मुलांपैकी चारच हात वर आले. त्यातला एक म्हणाला, "बाई, जुन्या सिनेमात असते ती काळी-पिवळी टॅक्सी, तीच ना?"

तीच ती. सोलापूरच्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या धर्तीवर गाड्या बनत, आणि १९७४ पासून त्यांतल्या एका गाडीचं नाव झालं पद्मिनी. आमच्या डोंबिवलीजवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरही प्रीमियरचा कारखाना होता. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथं प्यूजो ३०९ ही गाडी तयार व्हायची. आता गाड्या नाहीत, पण 'प्रीमियर मैदान' हे नाव लोकांच्या तोंडी राहिलं आहे.

आमच्या बाबांची पद्मिनी १९७५ सालची. त्यांनी ती १९९१ साली जुनीच विकत घेतली, तेव्हा मी तीन वर्षांची होते. बाबा रोज लोकलनं मुंबईला नोकरीला जात. गाडी बाहेर निघे ती रविवारी. कधी टिटवाळ्याच्या गणपतीला, कधी अंबरनाथच्या शिवमंदिराला. आणि वर्षातून एकदा, गणपतीची मूर्ती आणायला. पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगलाच असे, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग मोकळी. बाप्पा तिथं ऐसपैस बसून घरी येत.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. ती बातमी बाबांनी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. त्याच वर्षी बाबांना अर्धांगवायूचा सौम्य झटका आला होता. उजवा हात नीट उचलत नव्हता. खाली आमची गाडी धूळ खात उभी होती. दारांना गंज, टपावरचा रंग उडालेला. भंगारवाला दोनदा विचारून गेला होता.

मी मनाशी ठरवलं, येत्या गणपतीला बाप्पा याच गाडीतून आणायचे!

आता माझी चूक सांगते. बाई असले तरी माझ्याही चुका होतात बरं का! इंजिनाचं काम होईपर्यंत २०२४ चा ऑगस्ट उजाडला. गणपती सात सप्टेंबरला. बाहेर धो धो पाऊस. मी एका गॅरेजात गेले आणि म्हटलं, "आठ दिवसांत रंग हवा. मूळचाच, आकाशी. आणि तो जुना ड्युको मारा, बाबांना तोच आवडतो." त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही त्यांना काही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी गेले, तर काय दिसलं? बॉनेटवर तापलेल्या दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या, आणि दारांवर दुधट पांढरे ढग. आकाशी रंगात खरोखरच आभाळ भरून आलं होतं! एका पगाराचे पैसे गेले, आणि त्या वर्षी बाप्पा रिक्षातून आले. बाबा काही बोलले नाहीत. आरती झाल्यावर एवढंच म्हणाले, "गाडीला घाई आवडत नाही गं."

मग कोणीतरी कल्याणच्या एका वयस्क पेंटरकाकांचा पत्ता दिला. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, या रंगाच्या खाली काय आहे?"

मला उत्तर येईना. ते म्हणाले, "मग गाडीलाच विचारू." त्यांनी चिंधी थिनरमध्ये भिजवली आणि डिकीच्या आतल्या कडेला, जिथं नवा रंग पोचला नव्हता, ती घासली. "चिंधीला रंग लागला, तर खाली ड्युको. रंग फुगला, सुरकुतला, तर साधा इनॅमल. काहीच झालं नाही, तर भट्टीत भाजलेला नाहीतर दोन डब्यांचा रंग." आमचा रंग फुगला. बाबांना आठवलं, १९९८ साली त्यांनी गाडीला इनॅमल मारून घेतला होता. खिडकीच्या गजांना लावतात त्याच जातीचा.

त्या दुपारी मला कळलं की रंग निवडायचा म्हणजे निळा की लाल एवढंच नसतं. तो वाळतो कसा, हे आधी बघायचं असतं. स्वयंपाकघरातली उदाहरणं घेऊ, म्हणजे तुम्हांलाही पटेल.

ताटलीत मिठाचं पाणी ठेवलं की पाणी उडून जातं आणि मीठ उरतं. पुन्हा पाणी घातलं, तर मीठ पुन्हा विरघळतं. ड्युको तसा वाळतो. त्यातला थिनर उडाला की रंग उरतो. म्हणूनच वर्षांनंतरही थिनर लावला की तो विरघळतो. याचं खरं नाव नायट्रोसेल्युलोज, पेंटर 'एन.सी.' म्हणतात. तो बनतो कशापासून माहीत आहे? कापसापासून! कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून. अमेरिकेत ड्युपाँट कंपनीनं १९२०-३० च्या दशकात तो 'ड्युको' या नावानं मोटारींसाठी आणला. त्याआधी वॉर्निशचे थर वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. ड्युको आला आणि मोटारी झटपट आणि रंगीबेरंगी झाल्या.

आता कढईच्या बाहेरचा तेलाचा जुना, घट्ट झालेला थर आठवा. नुसत्या पाण्यानं तो निघत नाही. इनॅमल काहीसा तसा. तो हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतो. स्वस्त आणि टिकाऊ. पण त्याच्यावर ड्युको मारला, की ड्युकोतला जहाल थिनर त्याला फुगवतो. आमच्या बॉनेटच्या सुरकुत्या याच.

तिसरा प्रकार दोन डब्यांचा. दोन ट्यूबांतली लुकणं एकत्र कालवली की कशी दगडासारखी होतात! तसाच हा पी.यू. रंग. रंगात हार्डनर मिसळायचा. तो उन्हापावसात टिकतो आणि छान चकाकतो. हल्ली बहुतेक गॅरेजांत तोच मारतात.

आणि दारांवरचे पांढरे ढग? हातावर सॅनिटायझर घ्या. गार वाटतं ना? उडून जाणारं द्रव उष्णता घेऊन जातं. थिनर उडताना पत्रा असाच गार पडतो. पावसाळ्यात हवेत बाष्प भरपूर. बर्फाच्या पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात, तसं ते ओल्या रंगावर जमलं आणि रंग दुधट झाला. पेंटरकाका म्हणाले, "थिनर सावकाश उडावा म्हणून त्यात रिटार्डर घालतात. पण खरं औषध एकच. थंडीपर्यंत थांबा."

थांबलो. दिवाळीनंतर रंग खरवडायला सुरुवात झाली. काका पाणीपेपरनं, म्हणजे पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं घासत होते. कोरडं का नाही? जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ उडून पोटात जाणं फार वाईट, विशेषतः लहान मुलांच्या. आई-वडिलांनो, घराची जुनी दारं-खिडक्या घासतानाही एवढं लक्षात ठेवा. घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग अजून कित्येक भिंतींवर आहेत.

घासता घासता दारावर झाडाच्या खोडात असतात तशी वर्तुळं दिसू लागली. वरती आमचा फसलेला आकाशी, मग १९९८ चा पांढरा, त्याखाली आधीच्या मालकाचा मरून, आणि सगळ्यांत आत, पत्र्याला बिलगून, मूळचा आकाशी. बाबा खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि त्या वर्तुळावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

आता पत्रा उघडा झाला होता. म्हणजे कुठलाही रंग मारायला आम्ही मोकळे. मी म्हटलं, "काका, मग पी.यू.च मारू. पंधरा वर्षं बघायला नको."

काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की पी.यू.च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. फवारा श्वासात गेला तर दमा जडतो. त्यासाठी बाहेरची ताजी हवा नळीनं पुरवणारा मास्क लागतो. "माझ्याकडे तो नाही. रुमाल बांधून पुष्कळ वर्षं मारला, आता छातीला पुरे झालं." चकाकणाऱ्या गाडीमागे कोणाची तरी छाती असते, हे मी तोवर कधी मनातही आणलं नव्हतं. थिनरचा वासही काही चांगला नाहीच. ड्युको मारतानाही मोकळी हवा आणि फिल्टरचा मास्क हवा, शिवाय तो पटकन पेट घेतो. पण निदान तेवढी सोय त्यांच्याकडे होती.

दुसरी गोष्ट त्यांनी बाबांकडे बघून विचारली. "ड्युको काम मागतो. दर काही दिवसांनी हातानं पॉलिश करावं लागतं, नाहीतर तो निस्तेज होतो. पण ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात विरघळून एक होतो. गाडी पुसणारं घरात कोणी आहे का?"

आता ऐका. बाबांच्या व्यायामाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताखाली फडकं घेऊन टेबलावर गोल गोल फिरवा. बाबा दोन मिनिटांत कंटाळायचे. म्हणायचे, "टेबल काय पुसायचं!"

ते हळूच म्हणाले, "आहे. मी आहे."

जानेवारी २०२५ मधल्या कोरड्या, उन्हाच्या दिवसांत रंग झाला. आधी गंज रोखणारा प्रायमर, मग सरफेसर, तो घासून गुळगुळीत, आणि मग आकाशी ड्युकोचे पातळ पातळ हात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ पाच बरे, असं काका म्हणतात. रंग पुरता मुरल्यावर बाबा दर रविवारी खाली उतरू लागले. आधी बॉनेटचा एक कोपरा, मग अर्धं दार. हात पूर्वीसारखा झाला असं नाही. पण पॉलिशची डबी आता ते स्वतः उघडतात.

त्या वर्षी २७ ऑगस्टला बाप्पा पद्मिनीतून आले. पाऊस होताच. पुढच्या सीटवर मूर्ती धरून मी बसले होते, गाडी माझा भाऊ चालवत होता आणि मागून बाबा सूचना देत होते. रिक्षावाले वाट सोडत होते, कोणी फोटो काढत होते. उतरल्याबरोबर बाबांनी आधी बाप्पांना नमस्कार केला आणि मग खिशातून फडकं काढून बॉनेटवरचं पाणी टिपलं.

तुमची कोणाची गाडी नसेल, पण सायकल असेल, आजीचा पत्र्याचा डबा असेल, गंजलेली खिडकी असेल. कधी रंगवायला घेतलीत, तर आधी दुकानात धावू नका. खाली काय आहे, हवा कशी आहे, रंगवणाऱ्याच्या नाकातोंडात काय जाणार आहे आणि नंतर त्याची निगा कोण राखणार आहे, हे चार प्रश्न घरच्या मोठ्यांबरोबर बसून विचारा. मी ते उशिरा विचारले. तुम्ही लवकर विचारा.