पाटावर बसणारा पाहुणा

धर्माच्या कामासाठी घरदार सोडून आलेल्या माणसांची ये-जा छत्रपती संभाजीनगरच्या मुलखाला फार जुनी आहे. अशोकाच्या काळातल्या बौद्ध संगीतीनंतर चहूदिशांना धर्मोपदेशक धाडले गेले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला महाधर्मरक्षित थेर आले, असं सिंहली परंपरेतला महावंस सांगतो. पितळखोरा, अजिंठा, वेरूळ आणि शहराच्या उशाशी असलेली बौद्ध लेणी या त्यांच्यामागून आलेल्या भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. चौदाव्या शतकात दिल्लीहून सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब दौलताबादेला आले. शिराझमध्ये जन्मलेले झैनुद्दीन त्यांचे उत्तराधिकारी झाले आणि दोघेही खुलताबादच्या मातीत विसावले. आज फ्रान्समध्ये असलेल्या आन्सी गावी 1838 मध्ये सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने एक संघ निघाला, त्याचे धर्मगुरू घोगरगावसारख्या खेड्यापर्यंत पोचले. आता बीड बायपासवर रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, आणि शाळा-दवाखान्यांतून केरळकडच्या सिस्टर काम करताना दिसतात. या सगळ्यांनी काय दिलं, काय शिकवलं, याची मोजदाद होत असते. मला मात्र त्यांच्या वाढदिवसाबद्दल बोलायचं आहे. घरापासून दूर, व्रत घेऊन काम करणाऱ्या माणसाचा वाढदिवस व्हावा, आणि ज्यांच्यात तो राहतो त्यांनी तो करावा, असं मला मनापासून वाटतं. हा प्रश्न वरवर दिसतो तितका किरकोळ नाही.

आपल्याकडे अशा माणसांचा दिवस पाळतात तो बहुधा मृत्यूचा. खुलताबादेत सूफींचा उरूस भरतो, तो त्यांच्या देहावसानाच्या दिवसाभोवती. त्याच गावात पैगंबरांच्या जन्मदिनी झैनुद्दीन यांच्या दर्ग्यातला पवित्र अंगरखा दर्शनाला ठेवतात. म्हणजे दूर अरबस्तानात झालेला जन्म गाव आठवतं, पण शेजारी निजलेल्या झैनुद्दीन यांचा शिराझमधला जन्म आठवत नाही. पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते ती संत एकनाथांच्या जलसमाधीच्या तिथीला. चर्चनेही संतांचे सण बव्हंशी त्यांच्या मृत्युदिनालाच बांधले. उपासनेच्या वर्षात जन्माचे सण तीनच : येशूचा, मारियेचा आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. मारियेच्या जन्माचा, 8 सप्टेंबरचा सण मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेमुळे सर्वांना ठाऊक आहे. इतके वेगळे धर्म या एका गोष्टीत एकमताचे निघतात, त्याला कारण आहे. मरण जिथे येतं तिथल्या लोकांचं होतं. त्यांनी ते पाहिलेलं असतं, खांदा दिलेला असतो, जागा त्यांच्या शिवारात असते. जन्म मात्र दूरच्या कुठल्या गावचा, परक्या भाषेत वाढलेल्या घरचा. माणूस पुढे येतो तेव्हा त्याच्या आयुष्यातला हा एकच दिवस सोबत येऊनही नव्या गावाच्या हाती लागत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो विरक्तीचा, आणि तो वजनदार आहे. संन्यास घेताना माणूस स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो. ज्याचं श्राद्ध झालं त्याचा वाढदिवस कसला? भिक्खूंची ज्येष्ठता वयावर ठरत नाही, दीक्षेनंतर किती वर्षावास झाले त्यावर ठरते. जुन्या वळणाच्या कॉन्व्हेंटात सिस्टरचा वाढदिवस बाजूला ठेवून तिला मिळालेल्या संतनामाचा सण करत. मदर तेरेसा यांचा जन्म 26 ऑगस्ट 1910 चा, पण त्या आपला खरा जन्मदिवस 27 ऑगस्ट मानत, कारण त्या दिवशी त्यांचा बाप्तिस्मा झाला. हे सगळं खरं आहे. तरी याच परंपरा जवळून पाहिल्या की जन्म पुसून टाकणं त्यांनाही साधलेलं नाही असं दिसतं. उपसंपदेसाठी, म्हणजे भिक्खूच्या पूर्ण दीक्षेसाठी, वीस वर्षं पुरी लागतात, आणि विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, त्यांची गणती गर्भधारणेपासून धरायला मुभा आहे. संघाच्या दारातच आईच्या पोटातल्या महिन्यांचा हिशेब मांडला जातो. रामकृष्ण संघातले संन्यासी स्वतःचा जन्म सोडून आलेले, पण श्रीरामकृष्णांच्या आणि त्यांच्या साक्षात शिष्यांच्या जन्मतिथी ते निष्ठेने पाळतात. आणि अजिंठ्याचं दोन क्रमांकाचं लेणं पाहा. हा विहार, भोवती भिक्खूंच्या खोल्या. त्याच्या डाव्या बाजूच्या भिंतीवर मायादेवीच्या स्वप्नापासून लुंबिनीपर्यंतची बुद्धजन्माची कथा रंगवली आहे. मायादेवी फांदी धरून उभी आहे, आणि नवजात बाळाला इंद्राने हातांवर झेललं आहे. ज्यांनी आपला जन्मदिवस सोडला त्यांच्या राहत्या घराच्या भिंतीवर जन्म आहे, आणि तोही घरापासून दूर, माहेरच्या वाटेवर झालेला. त्या बाळाला प्रथम हात लावणारा घरातला कोणी नाही, ही गोष्ट चित्रकाराने मोठ्या मायेने रंगवली आहे. विरक्ती माणसाला ‘माझा दिवस’ असं म्हणण्यापासून थांबवते. दुसऱ्यांनी ‘तुमचा दिवस’ म्हणण्याला तिची आडकाठी नाही.

दुसरा आक्षेप असा की वाढदिवस आला की घराची आठवण येते आणि कामावरून मन उडतं. पण आठवण काय तारखेची वाट पाहते? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट लिस्बनहून निघून 24 ऑक्टोबर 1579 ला गोव्यात उतरला आणि 10 नोव्हेंबरला वडिलांना लांबलचक पत्र लिहिता झाला. समुद्राचा प्रवास, इथली माणसं, माडाच्या झाडाचे नाना उपयोग, सगळं त्यात आहे. आठवण लिहून काढल्याने तो खचला नाही. तो पुन्हा मायदेशी गेला नाही, चाळीस वर्षं गोव्यात राहिला, आणि 1616 मध्ये रायतूरला छापलेल्या क्रिस्तपुराणात त्याने बेथलेहेमचा जन्म मराठी ओवीत सांगितला. सिंथिया फरार यांचंही तसंच. 1795 च्या एप्रिलमध्ये न्यू हॅम्पशरमध्ये जन्मलेली ही अविवाहित शिक्षिका 1827 च्या अखेरीस मुंबईला पोचली, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली ती नगरच्या याच कामातून. एप्रिल म्हणजे तिच्या गावी बर्फ नुकतं वितळून ओली माती वर येण्याचे दिवस, आणि नगरला विहिरींचे तळ दिसण्याचे, दुपारी रस्ता ओस पडण्याचे. अंगात मुरलेला ऋतू आणि दारातला ऋतू यांतली ही तफावत दरवर्षी त्याच सुमारास जाणवणार. ती एकट्याने सोसायची की शेजारणींच्या देखत, एवढाच खरा प्रश्न आहे. बोलून दाखवलेल्या ओढीने कोणी काम टाकून गेलं असेल, पण मुकाट सोसलेल्या ओढीने माणूस आतून कोरडा पडतो, आणि कोरड्या माणसाची सेवा ज्याला घ्यावी लागते त्याला ती लगेच कळते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. मिशनरी हा बरोबरीचा पाहुणा नव्हता. त्याच्यामागे साम्राज्य होतं, हातात शाळा होती, औषध होतं, कधी दुष्काळात धान्य होतं. अशा माणसाचा वाढदिवस करणं म्हणजे साहेबाला मुजरा करणं नाही का? आणि आजही असा दिवस म्हणजे धर्मांतराचं आमिष नाही का? हा संशय मी झटकून टाकत नाही. देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो, आणि तो वर राहिला की घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणूनच वाढदिवस हवा. या एका दिवशी हात खाली-वर होतात. आपल्या घरचं औक्षण आठवा. तबकात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. पाटाभोवती रांगोळी. कपाळी कुंकू लावून, डोक्यावर अक्षता टाकून, सुपारी आणि अंगठी उजवीकडून डावीकडे ओवाळून मग निरांजन ओवाळतात, आणि पाटावर बसलेल्याने काही करायचं नसतं. नुसतं बसायचं. डॉक्टर असो, प्राचार्य असो, आश्रमाचा महाराज असो, तेवढा वेळ तो ज्याच्या आयुष्याची कुणीतरी चिंता वाहतं असा साधा माणूस असतो. ओवाळणारी वयाने लहान असेल, शाळेत त्याच्याच हाताखाली शिकत असेल, पण त्या घटकेला वडीलकी तिची. मिशनऱ्याने गावाला खाऊ वाटला तर आमिषाची शंका घ्यायला जागा आहे. गावाने मिशनऱ्याला ओवाळलं तर त्यात कोण कोणाला ओढतं आहे? आणि ज्याला पाटावर बसणं जमत नाही, फक्त वाटणंच जमतं, त्याच्या सेवेबद्दल मग शंका घ्यायला हरकत नाही. जिवंतपणी माणसाचं काही घेतलं नाही आणि मेल्यावर थडग्यावर फुलं घ्यायला तयार, अशा नात्यात काहीतरी अडलेलं राहतं. पुण्यतिथी सोपी असते. मेलेला माणूस नको म्हणत नाही.

वाढदिवसांचा आता अतिरेक झाला आहे, चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक आहेत, त्यात ही आणखी भर कशाला, असंही कोणी म्हणेल. फलकावरचा वाढदिवस ज्याचा असतो तोच पुष्कळदा यजमान असतो, हा त्यात आणि या वाढदिवसात मूळ फरक. खर्चाची काळजीही मला फारशी पटत नाही. गरीब वस्तीला केकचा भार नको, हे खरं. पण तुपाची वात, वाटीभर शिरा आणि घरातल्याच बाईच्या बोटातली, नसेल तर शेजारणीची उसनी, अंगठी यांनी कोणतंही घर बुडत नाही. केक आणला म्हणून परकेपणा येतो असंही नाही. केरळच्या सिस्टरला लहानपणापासून केकच आठवत असेल तर तोही कापावा. मात्र तेवढ्यावर थांबू नये.

कारण तारीख तिच्या घरच्या कागदांवर आधीच लिहिलेली असते. ती कुणालाही ठाऊक असते. आपल्याकडे जुन्या घरांत अजून वाढदिवस तिथीने होतो. तारखेपासून दरवर्षी सुटून ती कधी आठ दिवस अलीकडे, कधी पंधरा दिवस पलीकडे जाते, आणि म्हणून कुणीतरी लक्षात ठेवावी लागते, कुणीतरी पंचांग बघावं लागतं. वैजापूरकडच्या एखाद्या वाड्यातल्या आजीने ‘सिस्टर, तुमची तिथी कोणती हो?’ असं विचारावं, सिस्टरला ती सांगता येऊ नये, आणि मग जन्मसाल विचारून नातवाने जुनं पंचांग हुडकायला माळ्यावर चढावं. त्या दिवसापासून तिला दोन वाढदिवस होतील. एक तिने सोबत आणलेला, आणि दुसरा इथल्या माणसांनी शोधून दिलेला, जो बदली होऊन ती कुठेही गेली तरी दरवर्षी याच घराला विचारावा लागेल.