जिथे आपले कोणी नाही, त्या शहरात

आपली माणसे प्रवास करीत नाहीत असे कोणी म्हणू नये. ६ डिसेंबरला दादर, १४ एप्रिलला महू, कधी सांची, कधी बोधगया. शिवाय लग्ने, मयती, मुलांच्या परीक्षा. पिशवीत भाकरी-चटणी, पाण्याची कॅन आणि पांघरायला एक चादर एवढ्या शिदोरीवर आपण निम्मा देश पालथा घातला आहे. पण केवळ हिंडावे, पाहावे, चार वस्तू विकत घ्याव्यात, रात्री हॉटेलच्या खोलीत निजावे आणि सकाळी दुसऱ्याने आणून दिलेला चहा प्यावा, एवढ्याचसाठी घराबाहेर पडलेली किती कुटुंबे आपल्या वस्तीत आहेत? आम्ही आमच्या गल्लीतली मोजून पाहिली. एका हाताची बोटे पुरून उरली.

येत्या डिसेंबरात, ६ तारखेचा कार्यक्रम आटोपला की दुसऱ्या आठवड्यात, आम्ही सहकुटुंब कोलकात्याला जाणार आहोत. आम्ही, आमच्या आयुष्मती, आई, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि नववीतला मुलगा. चार रात्री हॉटेलात. वस्तीत ही बातमी पसरल्यापासून रोज कोणी ना कोणी थांबवून विचारते, म्हणून सगळेच एकदा लिहून टाकावे असे वाटले.

हॉटेलचा आग्रह आयुष्मतींचा. त्या घरी शिवणकाम करतात. ब्लाऊज, फॉल, पिको. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत मशीन चालते. आमच्या लग्नाला तेवीस वर्षे झाली. या काळात आम्ही मुंबईला चारदा गेलो, पुण्याला दोनदा, भिलाईला एकदा. मुंबईत मावसभाऊ, पुण्यात साडू, भिलाईत आत्या. माणसे जिवाला जीव देणारी. परंतु दोन खोल्यांच्या घरात पाच पाहुणे उतरल्यावर घरची बाई एकटी पोळ्या लाटते आहे आणि पाहुणी बाई टीव्ही पाहत बसली आहे, असे आपल्यात होत नाही. दुसऱ्या तासाला आयुष्मती ओट्यापाशी. चार वेळा मुंबईला जाऊन त्यांनी गेटवे ऑफ इंडिया एकदाच पाहिले, तेही बसच्या खिडकीतून. पाहुणचारात दोन्हीकडच्या बायकांची सुट्टी संपते. म्हणून यंदा कुठे जायचे असे विचारताच त्या एवढेच म्हणाल्या, "जिथे आपलं कोणी नाही, तिथे."

मुलगी वही घेऊन बसली. दिल्लीत चुलतभाऊ, हैदराबादेत मेहुण्याची सासुरवाडी. बंगलोरला शेजाऱ्यांचा मुलगा. तो स्टेशनावर घ्यायला येणार आणि हॉटेलचे नाव काढले की रुसणार. उरले कोलकाता. आम्हा नागपूरकरांना ते सोयीचेही आहे. मुंबई-हावडा मुख्य मार्गावरच आपण आहोत. संध्याकाळी गाडीत बसावे, दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. आम्ही स्वतः २००८ साली एका अधिवेशनासाठी तिथे गेलो होतो. तीन दिवस सभागृहाच्या मागे सतरंजीवर झोपलो, ठराव लिहिले आणि पूल पाहून परत आलो. शहर पाहायचे राहूनच गेले.

आमच्या एका सहकाऱ्यांनी विहारात सर्वांसमोर विचारले, "एवढ्या पैशात दोन पोरांच्या फीया नसत्या का भरल्या?" प्रश्न रास्त आहे आणि त्यांना तो विचारण्याचा अधिकारही आहे. विहाराची वर्गणी आणि मुलीची फी आम्ही आधीच बाजूला काढली आहे. पण त्यापलीकडे एक गोष्ट. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांकडे मजूर खाते होते. कारखान्यातील कामगाराला भरपगारी सुट्टी मिळावी हे विधेयक तेव्हाच आले आणि १९४५ साली कायदा झाला. सुट्टी ही मजुराची गरज आहे हे ज्या माणसाने कायद्यात आणले, त्याच्या लेकरांनी सुट्टी घेताना चोरी केल्यासारखे का वागावे? आमच्या आईने चाळीस वर्षे विड्या वळल्या. त्या चाळीस वर्षांत पगारी सुट्टीचा एक दिवस तिच्या हाती पडला नाही. कायदा कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला. आई ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बसलेली.

आई आधी यायलाच तयार नव्हती. "मी कायले येऊ? घर कोन पाहीन?" तिला सांगितले की हॉटेलच्या खोलीचे दिवसाला एवढे पैसे पडतात. तेव्हा ती बराच वेळ आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. "निजाचे पैसे देते का कोनी?" बहात्तर वर्षांच्या बाईला याचे उत्तर काय द्यावे हे आमच्या बी.कॉम.मध्ये शिकवले नव्हते. शेवटी नातवाने काम केले. हावड्याहून एस्प्लनेडला जाणारी मेट्रो हुगळी नदीच्या तळाखालून जाते, मार्च २०२४ पासून सुरू झाली, नदीखालचा बोगदा ५२० मीटरचा आहे आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते, असे त्याने आजीला सांगितले. "नदीच्या खालून? अन् पानी नाई गळत?" दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतले नवे लुगडे उन्हात टाकले.

आता पैशांचे. आयुष्मतींची भिशी यंदा लागली. बारा बायका, महिना तीन हजार, म्हणजे ३६,००० रुपये. आमच्या आवर्ती ठेवीचे १४,०००. एकूण ५०,०००. त्यातून थर्ड एसीची जाण्या-येण्याची पाच तिकिटे चौदा हजारांच्या घरात. स्लीपरच्या अडीच पटीच्या आसपास भाडे पडते, पण आईचे गुडघे आणि डिसेंबरची थंडी पाहता ते मान्य केले. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. तिचे तिकीटही पूर्ण भाड्याचे धरले आहे. खालचा बर्थ मात्र आवर्जून मागावा. आणि हे ध्यानात ठेवा, आरक्षण पूर्वीसारखे चार महिने आधी मिळत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली आहे. साठाव्या दिवशी सकाळी आठला मुलगी मोबाइल घेऊन बसली तेव्हा तिकिटे मिळाली.

हॉटेलचे दोन खोल्यांचे, चार रात्रींचे, १,८०० रुपये दराने १४,४००. यावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. म्हणजे आम्हाला १,७२८ ऐवजी ७२० रुपये. फोनवर एका व्यवस्थापकाने अजून बारा टक्केच सांगितले. आम्ही तारीख सांगितल्यावर तो म्हणाला, "दादा, आप क्या टॅक्सवाले हो?" आम्ही म्हटले, पतसंस्थेतला कारकून आहे. तिथे खोली घेतली नाही.

खोली ठरवताना फोटोवर जाऊ नये, फोन करून विचारावे. लिफ्ट आहे का, की तिसरा मजला जिन्याने? संडास कमोडचा आहे का? आईसाठी हा प्रश्न दरापेक्षा महत्त्वाचा होता. गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी? दिवस चोवीस तासांचा धरता की दुपारी बारापर्यंतचा? आमची गाडी दुपारी पोहोचते, परतीचीही दुपारचीच, म्हणून बाराचा हिशेब चालला. पहाटे पोहोचणाऱ्यांनी हे आधीच पक्के करावे, नाहीतर अर्ध्या दिवसासाठी पूर्ण दिवसाचे पैसे जातात. आगाऊ रक्कम एका रात्रीचीच भरावी, पावती घ्यावी. सर्व मोठ्या माणसांचे ओळखपत्र बरोबर हवे. आमची खोली सडर स्ट्रीटच्या भागात आहे. मोठ्या संग्रहालयाच्या बाजूची ही गल्ली मध्यम आणि स्वस्त हॉटेलांसाठी जुनी प्रसिद्ध आहे, आणि न्यू मार्केट तिथून पायी.

एक धाकधूक आम्ही लपवत नाही. आडनाव सांगितल्यावर पलीकडचा आवाज बदलतो का, हे ऐकायची सवय आपल्या कानांना आहे. दोन ठिकाणी बदलला नाही. तिसऱ्या ठिकाणी नाव लिहून घेतल्यावर "खोल्या भरल्या" असे उत्तर आले. भरल्याही असतील. मुलीने दुसऱ्या मिनिटाला पुढचा नंबर लावला. आम्ही मात्र तो फोन दिवसभर विसरलो नाही.

मंगळवारी निघून बुधवारी पोहोचायचे आणि रविवारी परत निघायचे, हा बेत मुद्दाम केला. सोमवारी तिथले संग्रहालय आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने बंद असतात. अलीपूरचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद, म्हणून ते शुक्रवारी. बुधवारी हावड्यावरून नदीखालच्या मेट्रोने जायचे, जेवायचे आणि झोपायचे. दुपारी झोपणे हा आयुष्मतींनी लिहून घेतलेला कार्यक्रम आहे.

गुरुवारी १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय. तिथले लोक त्याला जादूघर म्हणतात. मुलाला इजिप्तची ममी पाहायची आहे. आम्हाला भरहुतचे कठडे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यातला हा स्तूप कनिंगहॅमला १८७३ साली सापडला आणि त्याचा तांबड्या दगडाचा कठडा कोलकात्यात आणला गेला. सांची आपण पाहतो. भरहुत पाहायचे तर कोलकात्यालाच जावे लागते. दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. व्हिक्टोरिया मेमोरियल संध्याकाळी, बागेसाठी. १९२१ साली पूर्ण झालेली ती संगमरवरी इमारत बाहेरूनच अधिक शोभते, असे आमचे २००८ साली लांबून झालेले मत आहे. मुलाला ट्रामही हवी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मैदान-एस्प्लनेड हा वारसा मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या एकाच मार्गाची आशा धरली आहे. रविवारी सकाळी नावेतून हुगळी ओलांडताना हावड्याचा पूल खालून पाहायचा. १९४३ साली खुला झालेला हा पूल नट-बोल्टविना, रिव्हेटांनी जोडलेला आहे.

जेवणाचे नऊ हजार धरले आहेत. तिथे 'पाइस हॉटेल' नावाच्या जुन्या साध्या खानावळी आहेत. भात, डाळ, मासा, प्रत्येकाचा दर वेगळा; काही ठिकाणी केळीच्या पानाचे आणि लिंबाचेही पैसे वेगळे लागतात. हिशेबाच्या माणसाला असे बिल आवडते. शहरातल्या फिरण्याचे तीन हजार, प्रवेश तिकिटांचे दीड हजार.

राहिली खरेदी, ६,००० रुपये. ही रक्कम आयुष्मतींनी ठरवली आणि तिच्यावर आमचा अधिकार नाही. त्यांना तांताच्या साड्या घ्यायच्या आहेत. शांतिपूर, फुलिया, धनियाखालीच्या सुती, खळ दिलेल्या, अंगाला हलक्या. हातमागाच्या साडीच्या काठाला ताण देणाऱ्या पट्टीच्या टोचणीची बारीक भोके दिसतात, ती पाहून घ्यायची, असे त्यांनी मुलीला शिकवून ठेवले आहे. घासाघीस करायला गरियाहाट आणि न्यू मार्केट. भाव ठाऊक नसेल तर आधी राज्य हातमाग संस्थेच्या 'तंतुज' दुकानात ठरलेले दर पाहून मग बाजारात शिरावे. त्यांचा जीव मात्र काँथा टाक्यावर आहे. जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवायचे. म्हणजे आपली गोधडीच. तीच गोधडी आता साड्यांवर आणि दुपट्ट्यांवर महाग विकली जाते. "आपल्या आज्यांनी असं किती शिवलं आणि कोणाला फुकट वाटलं," असे त्या म्हणाल्या. दोन नमुने आणून ब्लाऊजच्या बाहीवर तो टाका बसवून पाहायचा त्यांचा विचार आहे. मुलीला कॉलेज स्ट्रीटची जुनी पुस्तके, त्यासाठी शनिवार. रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद.

सर्व मिळून ४८,६२० रुपये होतात. उरलेले १,३८० आईच्या बटव्यात राहणार, औषधपाण्यासाठी. तिने ते आतापासूनच मागून घेतले आहेत.

मुलीने पुठ्ठ्यावर पाटी लिहून ठेवली आहे, "मंगळवार ते सोमवार शिवणकाम बंद". परवा एक गिऱ्हाईक नेमक्या त्या आठवड्यातल्या लग्नाचे चार ब्लाऊज घेऊन आले. आयुष्मतींनी मापे घेतली नाहीत. कापड परत दिले आणि पलीकडच्या गल्लीतल्या बाईंचे घर दाखवले. त्या चार ब्लाऊजची बुडालेली शिलाई आम्ही वरच्या हिशेबात धरलेली नाही.