दोह्याची फेरी आणि न आलेली विमानं

"दोह्याला, कुवेतला जाणाऱ्या एवढ्या कंपन्या झाल्या, तरी तिकीट खाली का येत नाही हो?" असं गेल्या महिनाभरात मला तीन-चार जणांनी विचारलं. त्यातले दोघे स्वतः आखातात कामाला आहेत, सुट्टीवर आलेत. आपल्या खेड-दापोली-मंडणगड पट्ट्यात घराआड एक माणूस तिकडे आहे, त्यामुळे हा प्रश्न चुलीपर्यंत येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, सावकाश वाचा.

आधी एसटीचं उदाहरण घेऊ. डेपोने नवीन फेरी सुरू करायची ठरवली. फलक लागला, वेळ ठरली, चालक-वाहक नेमले. आणि गाडीच आली नाही. मग डेपो मॅनेजर काय करतो? दुसऱ्या फेरीची गाडी काढून इकडे लावतो, नाहीतर "गाडी उपलब्ध नाही" म्हणून फेरी रद्द करतो. विमान कंपन्यांचं सध्या अगदी हेच चाललंय. फरक इतकाच की इथे गाडी अमेरिकेतून किंवा युरोपातून यायची असते, आणि तिच्यापोटी आगाऊ हप्ते भरलेले असतात.

आकासा एअर घ्या. ही मुंबईचीच कंपनी. राकेश झुनझुनवालांचे पैसे त्यात होते. ७ ऑगस्ट २०२२ला मुंबई-अहमदाबाद पहिलं विमान उडालं आणि बरोबर आठवड्याने, १४ ऑगस्टला झुनझुनवाला गेले. सुरुवात मात्र झोकात झाली. पहिल्या वर्षभरात २० विमानं आली. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण २०१६च्या विमान वाहतूक धोरणानुसार परदेशी उड्डाणासाठी २० विमानं किंवा एकूण क्षमतेच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल ते देशांतर्गत सेवेत लागतं. ऑगस्ट २०२३मध्ये विसावं विमान आलं आणि २८ मार्च २०२४ला मुंबई-दोहा सुरू झालं, आठवड्याला चार फेऱ्या. पाठोपाठ जेद्दा, रियाध, अबुधाबी, कुवेत. उमराहला जाणारे आणि सौदीत कामाला असणारे आपले लोक खूश झाले. साहजिकच होतं.

पण इथेच गाडी अडली. या कंपनीने सगळी विमानं एकाच ठिकाणी मागवलीत, बोईंगकडे, आणि तीही एकाच जातीची: ७३७ मॅक्स. नोव्हेंबर २०२१मध्ये ७२, नंतर ४, जानेवारी २०२४मध्ये आणखी १५०. एकूण २२६. आणि २०२५ संपता संपता ताफा होता तिशीच्या घरात! पहिल्या वर्षात २०, आणि पुढच्या दोन वर्षांहून जास्त काळात जेमतेम १०-११.

का? ५ जानेवारी २०२४ला अमेरिकेत पोर्टलँडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाच्या बाजूचा, दाराच्या जागी बसवलेला तुकडा हवेतच निखळून पडला. कुणी मेलं नाही हे नशीब. पण याच मॅक्सचे २०१८ आणि २०१९चे दोन अपघात, ३४६ माणसं गेलेली, लोक विसरले नव्हते. अमेरिकेच्या नियामकाने बोईंगला सांगितलं, महिन्याला ३८च्या वर मॅक्स बनवायची नाहीत. वर १३ सप्टेंबर २०२४पासून बोईंगचे ३३ हजार कामगार संपावर गेले, सातेक आठवडे. सिएटलच्या कारखान्यात पाना थांबला की मुंबईच्या कुवेत फेरीला फटका बसतो, तो असा.

त्यात कंपनीने वैमानिक आधीच भरून ठेवले होते. भरती, प्रशिक्षण याला महिने लागतात, त्यामुळे विमान यायच्या आधी माणूस तयार ठेवावाच लागतो. विमानंच न आल्यामुळे त्यातले बरेच जण महिनोन् महिने उड्डाणाविना बसून राहिले. त्यांना घरी पाठवणार कसं? उद्या विमान आलं तर उडवणार कोण?

नियामकाने बोईंगला लगाम घातला हे माझ्या मते योग्यच केलं. विमान उशिरा आलेलं परवडतं.

एकट्या आकासाचीच ही रड आहे असं नाही. इंडिगोने जुलै २०२५मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं. पण त्यासाठी मागवलेली मोठी एअरबस ए३५० विमानं २०२७च्या आधी हातात येणार नव्हती. म्हणून नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिककडून बोईंग ७८७ भाड्याने घेतली. डेपोला गाडी कमी पडली की खाजगी गाडी लावतात ना, तसंच. चालकासकट!

आता तिकिटाकडे येऊ. मुंबई-दोहा जाऊन-येऊन, मधला थांबा धरून, एका विमानाचे सहज आठ-नऊ तास जातात. तेवढ्यात तेच विमान देशात तीन-चार फेऱ्या मारतं. विमानं मोजकी असली की कंपनी हिशोब करते आणि आखातातल्या फेऱ्या वाढवायला कचरते. दुबईचं तर आणखी निराळं. दोन देशांच्या करारात प्रत्येक बाजूला आठवड्याच्या जागांचा कोटा आहे, सुमारे ६५ हजार, आणि तो जवळपास भरलेला. गो फर्स्ट मे २०२३मध्ये बंद पडली, जेट त्याआधी २०१९मध्ये. म्हणजे जागा कमी, माणसं तेवढीच, आणि रमजान किंवा मे महिना आला की भाव चढणारच.

नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ला सुरू झाला. चांगलं झालं. पण धावपट्टी बांधली म्हणून विमान येत नाही. आपल्याकडचे पुढारी रत्नागिरीहून आखाताला थेट उड्डाण म्हणतात, तेव्हा पुढच्या पत्रकार परिषदेत मी एकच विचारणार आहे, कुठल्या कंपनीचं कुठलं विमान? चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ला किती थाटात झालं होतं, आणि पुढे फेऱ्या कशा रोडावल्या, ते सिंधुदुर्गातल्या मित्रांना विचारा.

जाता जाता कामाचं. सुट्टीवर आलेल्या माणसाला परत हजर व्हायची तारीख असते, सौदीवाल्यांना तर रीएंट्रीची मुदत. नव्या मार्गाचं तिकीट स्वस्त दिसलं तर जरूर काढा, पण मुदतीच्या आदल्या दिवशीचं काढू नका, चार दिवस हातात ठेवा. कंपनीने फेरी रद्द केली तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही निवडायचं. एजंट "पैसे अडकलेत" म्हणाला तर त्याच्याकडून रद्द झाल्याचा मेसेज लेखी मागा. आणि पुढचं विमान जोडून असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं.