भेगांच्या रेषा

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला, युटोपिया नावाचा मुलूख आहे. लाल माती, खुरटं गवत, भरवसा नसलेला पाऊस. तिथे जमिनीलगत पसरणारा एक वेल उगवतो. पिवळी फुलं, बारीक शेंगा आणि मातीत बोटांसारखे लांबट कंद. मूग, मटकी, चवळी यांचाच तो भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात हे सगळे ‘विग्ना’ या एकाच प्रजातीतले. आपण दाणे खातो, तिथल्या आदिवासी बायका कंदही खातात, कच्चे किंवा राखेत भाजून. कंद पोसला की वरची जमीन तडकते. पाला वाळून उडून गेला तरी भेग राहते, आणि खणायची काठी नेमकी तिथेच रुतते.

एमिली कामे उंग्वारे यांचा जन्म १९१०च्या सुमारास याच मुलखात, अल्हालकेरे इथे झाला. त्यांच्या नावातलं ‘कामे’ म्हणजे या वेलाचं बी. रानातलं अन्न शोधण्यात आणि गोऱ्यांच्या गुरांच्या वाड्यांवर राबण्यात त्यांची उमर गेली. बायकांच्या विधींमध्ये त्या छातीवर, खांद्यांवर गेरूचे पट्टे ओढत, भूमीची गाणी म्हणत. १९७७ साली युटोपियात कापड रंगवायची बाटिक कला आली. वितळलेलं मेण, उकळतं पाणी, सरपणाची ओढाताण. मग १९८८-८९च्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक रंग हाती आले, तेव्हा एमिली ऐंशीच्या घरात होत्या. १९९६ साली त्या गेल्या. मधल्या आठ वर्षांत त्यांनी सुमारे ३,००० चित्रं काढली!

त्यातलं १९९५चं ‘बिग याम ड्रीमिंग’ (याम म्हणजे त्या वेलाचा कंद) मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियात आहे. जवळजवळ आठ मीटर लांब, तीन मीटर उंच. काळ्याभोर कॅनव्हासवर फक्त पांढऱ्या रेषा. एमिली मांडी घालून कॅनव्हासवरच बसत आणि हात पोचेल तिथवर रेघ ओढून पुढे सरकत. रेघ वळते, दुसरीला छेदते, जाड होते, पुन्हा निमुळती होत कुठेतरी शिरते. मुळं म्हणावीत तर मुळं, भेगा म्हणाव्यात तर भेगा. समीक्षकांनी त्यांची तुलना पाश्चात्त्य अमूर्त चित्रकारांशी केली. ती कौतुकाची खरी, पण या रेषांचं मूळ कुठल्या चित्रशाळेत नाही. जन्मभर माती उकरलेल्या हाताला कंद कुठे वळतो हे पाठ होतं.

पावसानंतरचं वाळवंट पाहायचं तर १९९४चं ‘अर्थ्स क्रिएशन’ पाहावं. पिवळे, हिरवे, निळे, गुलाबी ठिपके एकमेकांवर इतके दाटलेत की एकेक फूल वेगळं काढता येत नाही. २०१७ साली हे चित्र २१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकलं गेलं. बातम्या त्या आकड्याच्याच झाल्या. रंग मागे राहिले, याचं वाईट वाटतं.

एमिलींची भाची ग्लोरिया पेट्यार हिने औषधी झाडाची पानं रंगवली. ही पानं बायका गोळा करतात, उकळतात, चरबीत कालवून मलम करतात. ग्लोरियाच्या कुंचल्याचा एक छोटा फटकारा म्हणजे एक पान. असे हजारो फटकारे, सगळे वाऱ्याच्या दिशेने कललेले. १९९९ साली तिच्या ‘लीव्ह्ज’ला विन पारितोषिक मिळालं. ऑस्ट्रेलियातल्या निसर्गचित्रांसाठीचा हा जुना, मानाचा पुरस्कार. त्या चित्रात क्षितिज नाही, डोंगर नाही, आभाळही नाही. नुसती पानंच पानं, चौकटीच्या कडेपर्यंत.